मागचं चाक तापतंय? ड्रम उघडायची घाई करू नका

लायनर नवे टाकले, ड्रम लेथवर घासून घेतला, पैसे गेले, आणि आठवड्याभरात चाक पुन्हा हात लावू देत नाही. परतवाड्यात माझ्या गॅरेजवर अशी गाडी आली की मी आधी एकच गोष्ट विचारतो, "ड्रम काढायच्या आधी कोणी निप्पल ढिली करून पाह्यली होती काय?" निप्पल म्हणजे चाकामागची, ब्रेकचं ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी. बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. मागचा ब्रेक धरून राहिला की दोष लायनरचा, हे आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. पण लायनर, म्हणजे शू नावाच्या कमानीवरचा घासणारा पट्टा, आपणहून चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जाऊन चिकटत नाही. त्याला कोणीतरी दाबून धरलेलं असतं. हे दाबणं तीनपैकी एका जागेवरून होतं: हँडब्रेकच्या केबलमधून, ऑइलच्या दाबातून, किंवा ड्रमच्या आतल्याच एखाद्या अडकलेल्या भागातून. कोणत्या जागेवरून, ते चाक जाम आहे तोवरच कळतं. ड्रम ठोकून बाहेर काढला की शू सरकतात, केबल सैल होते, पुरावा गेला. मग अंदाजाने एकेक सामान बदलत बसायचं.

खालचा सगळा क्रम मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्या भागातल्या बहुतेक लहान गाड्या, व्हॅन आणि जीपवाल्या गाड्या तशाच आहेत.

आधी ब्रेकच धरतोय ना, ते ठरवा

गिऱ्हाईक येतं ते इंजिनाची तक्रार घेऊन. "भाऊ, गाडी ओढूनच नाही रायली. पिकअप गेला." अ‍ॅव्हरेज पडलेला असतो, आणि काच खाली केली की मागून जळका वास येतो. क्लचचा वास साधारण पुढून येतो आणि चढावर क्लच अर्धा दाबून धरला की वाढतो. ब्रेकचा वास सरळ रस्त्यावरही येतो आणि गाडी थांबवून मागच्या चाकाजवळ वाकलं की नाकात भरतो.

सपाट रस्ता निवडा. अमरावती रोडवर असे पट्टे भरपूर आहेत, पण मागून ट्रक येत नाही ते बघा. तीसच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा आणि ब्रेक न लावता सोडून द्या. मोकळी गाडी आरामात लांब जाते. धरलेली गाडी कोणीतरी मागून ओढल्यासारखी लवकर थांबते, आणि अगदी शेवटी गचका देऊन थांबली तर ब्रेक नक्की धरतोय.

मग आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी लावा आणि शेवटी गिअर उतरवत हळू थांबा. आता चारही चाकं एकमेकांशी ताडून बघा. ड्रमला बोट लावू नका, कातडी निघून येते. हाताची मागची बाजू चार बोटांवर धरली तरी कळतं. बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवा: नुसते वाळले तर ठीक, चर्र करून उडाले तर शंभर अंशांच्या वर गेलंय. माझ्याकडे आता तापमान मोजायची गन आहे. हजार-दीड हजारात मिळते आणि भांडण मिटवते. एका गाडीत डावा ड्रम 58 आणि उजवा 170 दाखवला, तेव्हा मालकाने "दोन्ही सारखेच तापतात" हे म्हणणं सोडलं. दोन चाकांत दहा-वीस अंशांचा फरक दिसला तर मनावर घेऊ नका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा उन्हाकडच्या बाजूचं चाक उभ्या गाडीतही जास्त तापलेलं सापडतं.

चिखलदऱ्याहून उतरून येणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण रविवारी संध्याकाळी ही मंडळी घाबरून थांबतात. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून मोठं काम पुढचे ब्रेक करतात आणि घाटात पुढची चाकंच जास्त तापतात. चारही गरम, त्यात पुढची जास्त, असं असेल तर गाडीत काही बिघाड नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. पण मागचं एकच चाक पुढच्यांपेक्षा जास्त तापलं, किंवा सपाट रस्त्यावरही तापलं, तर पुढे वाचा.

बेअरिंगचाही संशय इथेच मिटवा. चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं तर लटलट करतं, फिरवलं तर घरघरतं, पण हाताने सहज फिरतं: ते बेअरिंग. ब्रेक धरला असेल तर चाक फिरायलाच नाही म्हणतं. जुनं प्रकरण असेल तर दोन्ही असतं, कारण ड्रम रोज तापून शेजारच्या बेअरिंगचं ग्रीस वितळून वाहून गेलेलं असतं.

थांबल्यावर काय करायचं नाही

तापलेल्या ड्रमवर पाण्याची बाटली ओतू नका. बिडाचा ड्रम असतो, तडकतो किंवा वाकडा होतो. हँडब्रेक ओढू नका. गरम ड्रम फुगलेला असतो, थंड होताना आकसतो आणि आतले शू आवळून धरतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. वाळलेल्या गवतावर किंवा शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीजवळ गाडी उभी करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

शेतात किंवा रस्त्याच्या कडेला जॅक लावायचा असेल तर खाली जाड फळी टाका. आपली काळी माती वरून कडक दिसते, पण पावसाळ्यात जॅक सरळ खाली जातो. उचललेल्या गाडीखाली विटा रचणारे मी पाहिले आहेत. वीट एका क्षणात चुरा होते. स्टँड नसेल तर सागाचा कापीव ठोकळा घ्या. परतवाड्यात लाकडाला तोटा नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि हँडब्रेक पूर्ण खाली. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवा, मागची चाकं तरीही मोकळी फिरतात. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअर न्यूट्रल लागतो, आणि चाकाबरोबर प्रोपेलर शाफ्टही फिरतो, तेव्हा थोडं जड लागणारच. त्याला ब्रेक धरला असं समजू नका.

खरा तपास: केबल, निप्पल, मग ड्रम

चाक तापलेलं आणि जाम असतानाच हे करा. आधी हाताने चाक फिरवून किती जड आहे ते अंगात भिनवून घ्या. शू ड्रमला नुसते पुसत असल्याचा सर्र आवाज आणि चाकाला एखादा फेरा फिरता येणं, हे चालतं. दोन्ही हात लावूनही अर्धा फेरा होत नसेल तर चालत नाही.

पहिलं, केबल ढिली करा. हँडब्रेकच्या दांड्याजवळ, नाहीतर गाडीखाली जिथे एका केबलच्या दोन होतात, तिथे अ‍ॅडजस्टिंग नट असतो. तो पूर्ण सैल करा आणि चाक फिरवा. मोकळं झालं? दोष केबलचा, किंवा ती जास्त ताणल्याचा. पुढचं काही उघडू नका.

मोकळं झालं नाही तर ड्रमच्या मागच्या ताटलीवरची निप्पल बघा. टोपी काढा, आधी रिंग पाना घाला, मग निप्पलवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीत सोडा. बहुतेक लहान गाड्यांत 8 किंवा 10 नंबरचा पाना बसतो. गंजली असेल तर आधी तेल सोडून थांबा. तुटली तर व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला भाग, बदलावा लागेल. ब्रेकच्या पॅडलला कोणीही हात-पाय लावायचा नाही, हे शेजारी उभ्या प्रत्येकाला बजावून सांगा. निप्पल पाव फेरा ढिली करा. पॅडल दाबलेलं नसताना ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, तर दाब मागे अडकून पडला होता. जाम झालं ते चाक, पण दोष चाकात नाही, वर कुठेतरी आहे. निप्पल लगेच घट्ट करा.

केबल ढिली, निप्पल उघडी, तरी चाक जाम. आता ड्रम काढा. दोष आत आहे हे आता माहीत आहे.

एवढंच. वीस मिनिटांचं काम. याला गॅरेजवाले कंटाळतात, कारण गिऱ्हाइकाला काही बदलल्यासारखं दिसत नाही आणि मजुरी मागायला लाज वाटते. मी मागतो.

केबलचा दोष निघाला तर

केबलच्या नळीच्या टोकांना रबरी बूट असतात. ते फाटले की पाणी आणि चिखल आत जातो, तार गंजते, आणि दांडा खाली केला तरी तार परत जात नाही. दांडा ढिला-ढिला लोंबतो, पण ड्रमच्या आतला हँडब्रेकचा पाना (लिव्हर) ओढलेलाच राहतो. केबल दोन्हीकडून सोडा आणि हाताने मागेपुढे करून बघा. अडखळत असेल तर बदला. तेल सोडून मोकळी केलेली केबल पहिल्या पावसात पुन्हा धरते, त्यात वेळ घालवू नका.

दुसरा प्रकार मला जास्त सापडतो. लायनर झिजले, हँडब्रेक वर येऊ लागला, म्हणून कोणीतरी केबलच आवळून दिली. मग शू पूर्ण मागे जातच नाहीत आणि आतला आपोआप चालणारा अ‍ॅडजस्टर काम करायचा थांबतो. क्रम उलटा हवा: केबल पूर्ण सैल ठेवून आधी शू सेट करायचे, पॅडल काही वेळा दाबून ते बसू द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी केबल. हँडब्रेक किती टकटकीत धरायला हवा तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एका टकटकीत धरणारा हँडब्रेक हे कौतुक नाही.

ऑइलचा दाब अडकत असेल तर

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आधी बघा, किती चाकं आणि कोणती. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत ब्रेकच्या लाइनी बहुतेक तिरप्या वाटलेल्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्या लाइनवर. तेव्हा मागच्या उजव्यासोबत पुढचं डावंही तापत असेल तर मागे खाली घुसूच नका, पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे जा. याउलट मागे सलग धुरी (अॅक्सल) असलेल्या जीपसारख्या गाड्यांत बहुतेक एकच रबरी होज (ऑइलची नळी) धुरीवर उतरतो आणि तिथून दोन्ही चाकांना फाटे फुटतात. अशा गाडीत एकच चाक धरत असेल तर होज बिचारा निर्दोष आहे. दोन्ही धरत असतील तर त्याच्यावर पहिला संशय.

होज बाहेरून ठणठणीत दिसतो. आतून रबर सुजतं किंवा त्याचा एखादा पापुद्रा सुटतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. तपासायचं असं: चाक जाम असताना होजच्या वरच्या बाजूचा, लोखंडी नळीचा नट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर अडथळा आणखी वर आहे. सुटलं नाही, आणि खाली निप्पल उघडल्यावर मात्र सुटलं, तर होज गेला. पक्कडीने दाबून होज तपासणारे आहेत. त्या दाबाने चांगला होजही आतून चिरतो.

वर जायचं झालं तर सर्वात स्वस्त गोष्टींपासून. पॅडलखाली सरकलेली जाड मॅट काढा. ब्रेक लाइट विनाकारण लागलेले राहतात का, ते मागे माणूस उभा करून बघा; लागलेले राहत असतील तर पॅडल पूर्ण वर येत नसेल. पॅडलवरचं ब्रेक लाइटचं स्विच जास्त पुढे बसवलं असलं तरी पॅडल पूर्ण वर येत नाही. पॅडलला हाताने दाबलं की सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही. मास्टरमध्ये एक बारीक छिद्र असतं, पाय काढल्यावर ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून वरच्या डबीत परत जातं. पिस्टन थोडासा पुढे राहिला तरी छिद्र झाकलेलं राहतं. मग ऑइल तापलं की फुगतं, जायला जागा नाही, म्हणून तेच ब्रेक दाबतं. ब्रेक दाबला की आणखी तापतं.

याची खूण पक्की आहे. "सकाळी घरून निघालो तं एकदम मोकळी होती दादा, वीस किलोमीटरवर जाम झाली, चहा पिऊन आलो तं पुन्हा मोकळी." असं कोणी सांगितलं की मी ड्रमकडे बघतही नाही. गाडी तापवून जाम करतो आणि मास्टर बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जिथे बसतो ते दोन नट ढिले करून मास्टर काही मिलिमीटर पुढे ओढतो. चाकं सुटली तर मास्टरला ढकलणारी मागची दांडी लांब आहे किंवा बूस्टर अडकतोय. नाही सुटली तर मास्टरची नळी ढिली करून बघतो. तेव्हा सुटली तर मास्टरच.

आणि मास्टर का बिघडला, ते विचारायलाच हवं. डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं आणि घरात पडलेलं इंजिन ऑइल टाकलं, हे गावाकडे होतं. ट्रॅक्टरवाल्या घरांत तर हमखास, कारण तिथे ऑइलचे डबे शेजारी-शेजारी असतात. इंजिन ऑइल लागलं की ब्रेकमधली रबरं सुजतात. पहिली खूण डबीच्या झाकणाखाली: तिथलं रबर मऊ, मोठं, लांबलेलं दिसतं आणि परत खाचेत बसत नाही. खात्री करायला डबीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका आणि ढवळा. डॉट 3 किंवा डॉट 4 हे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर खर्च मोठा आहे, आणि त्यात काटकसर करता येत नाही: सगळ्या लाइनी धुवायच्या, मास्टर, व्हील सिलिंडर, पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग), होज, जिथे जिथे रबर आहे ते बदलायचं. फक्त मागचं रबरांचं किट टाकून पाठवलेली गाडी परत येते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर ही हद्द 140 पर्यंत येते. डॉट 4 ची 230 वरून 155. मघाच्या 170 वाल्या ड्रमशेजारच्या ऑइलचा विचार करा. उकळलं की त्यात वाफ होते आणि पॅडल थेट फळीला लागतं. मागचं चाक तापतं म्हणजे फक्त अ‍ॅव्हरेज पडतो असं समजून कोणी ती गाडी घाटात नेऊ नये, ते याच्यासाठी. दोन वर्षांनी ऑइल बदला आणि अर्धवट उरलेली, झाकण उघडी बाटली वापरू नका. ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं. लगेच पाण्याने धुवा.

ड्रमच्या आत

ड्रम निघत नसेल तर हातोडा घालण्याआधी त्याच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. अनेक गाड्यांत असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तिथे मधला मोठा नट काढावा लागतो, आणि परत लावताना नवा नट आणि टॉर्क पाना लागतो.

आतला बुक्का फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मारूच नका. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने ओला करून कापडाने पुसा.

पावसाळ्यानंतर पांदण रस्त्यावरून आलेल्या गाडीत आत काळी माती भरून वाळलेली असते, विटेसारखी. ती खरवडल्यावर अर्ध्या गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. उरलेल्यांत मी व्हील सिलिंडरचे रबरी बूट बोटाने उचलतो. आत ओलावा असेल तर ऑइल गळतंय, आणि गंजलेली पेस्ट असेल तर पिस्टन अडकलाय. नुसतं किट टाकायचं की सिलिंडर बदलायचा यावर वाद होतात. आत खड्डे दिसले तर मी बदलतो. ऑइलने भिजलेले लायनर घासून वापरू नका.

स्प्रिंगा बघा. जळून निळ्या झालेल्या, किंवा मोकळ्या असताना वेढ्यांत फट दिसणाऱ्या स्प्रिंगा शू मागे ओढत नाहीत. दोन्ही चाकांच्या सोबत बदला, महाग नसतात. मागच्या ताटलीवर शू जिथे सरकतात तिथे उंचवटे असतात. वर्षानुवर्षे घासून त्यांत खाच पडते आणि शू त्या खाचेत अडकून राहतो. हे फार कमी लोक बघतात. खाच उथळ असेल तर कानसने सपाट करा आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी नखाएवढा ठिपका लावा, लायनरला लागू न देता. हँडब्रेकचा आतला पाना आपल्या टेकूपर्यंत परत येतो का, तेही हाताने बघा.

चाक फिरवताना एकाच जागी जड लागत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर घासता येतो, पण जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते बहुतेक ड्रमवरच कोरलेलं असतं. त्यापुढे गेला असेल तर नवाच घ्या.

मागे डिस्क असलेल्या गाडीत केबल आणि निप्पलचा तपास तसाच. फक्त ड्रमऐवजी कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि त्यावरचा हँडब्रेकचा पाना बघायचा. बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड चालू केल्याशिवाय कॅलिपरला हात घालू नका.

सगळं बसवून ब्रेकच्या लाइनीतली हवा काढली की त्याच रस्त्यावर, तेवढेच आठ-दहा किलोमीटर, तसाच कमी ब्रेक लावत गाडी न्या. डावं-उजवं पुन्हा मोजा. मग गाडी चढावर उभी करून हँडब्रेक धरतो का आणि सोडल्यावर गाडी लगेच घरंगळायला लागते का, दोन्ही बघा. मालकाला शेजारी बसवूनच हे करा.